विंचचं अर्थिंग आधी, दुसरी बॅटरी नंतर

ऐरोलीच्या भावाचा प्रश्न असा आहे: थारला ९५०० पौंडी विंच (अडकलेली गाडी दोराने खेचून काढणारा मोटरचा रहाट) घेतलाय, शिवाय १२० वॉटचा लाइटबार, टायरचा कॉम्प्रेसर आणि छोटा फ्रिज लावायचाय. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळं डायरेक्ट बॅटरीवरून घेऊ, अर्थ, म्हणजे ऋण बाजूची वायर, चेसिसला मारू आणि विंचसाठी दुसरी बॅटरी टाकू. करू का?

भाऊ, त्याला जरा थांबवा. दुसऱ्या बॅटरीचे पैसे आधी तांब्यात घाला.

या मापाचा विंच पूर्ण ताणावर ४०० अँपिअरच्या आसपास ओढतो. तुमचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारा) १०० देतो असं धरलं तर उरलेले ३०० बॅटरीतून जातात, म्हणजे मिनिटाला ५ अँपिअर-तास. इंजिन चालू ठेवून थोडं-थोडं खेचलं आणि मध्ये मोटर गार होऊ दिली, तर एका चांगल्या बॅटरीचं काम भागतं. दुसरी बॅटरी लागते ती फ्रिजला, कारण तो रात्रभर इंजिन बंद असताना चालतो. तुम्ही मुक्कामाला जाणारच नसाल तर आत्ता तो खर्च सोडा.

आता केबल. बॅटरीपासून विंचपर्यंत जाऊन-येऊन ४ मीटर धरा. ३५ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात ४०० अँपिअरला ०.८ व्होल्ट पडतो, १६ मध्ये पावणेदोन. हे फक्त वायरीत, थिंबलचं (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) आणि बोल्टचं वेगळं. म्हणून ३५ च्या खाली जाऊ नका. वेल्डिंग केबल चालते, लोहार चाळीत मीटरवर मिळते, पण घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दुकानदार कितीही 'प्युअर कॉपर' म्हणो, परत ठेवा.

अर्थचीही केबल तेवढीच जाड, आणि ती थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर. हे मी माझ्याच गाडीवर शिकलो. चार पावसाळ्यांपूर्वी कर्जतजवळच्या एका ओढ्यात अडकलो होतो. एका दुकानाने १६ ची वायर टाकून अर्थ बंपरच्या बोल्टला दिला होता, तोही रंगावरूनच. झाडाला पट्टा बांधून खेचायला घेतलं तर दिवे मंदावले आणि बॉनेटखालून टकटकटक आवाज. तो कॉन्टॅक्टर होता, म्हणजे विंचची वीज चालू-बंद करणारा स्विच. व्होल्टेज पडलं की त्याच्या कॉइलला पॉइंट घट्ट धरून ठेवता येत नाहीत, ते उघडझाप करतात, ठिणग्या पडतात आणि शेवटी चिकटतात. माझे चिकटले. रिमोटचं बटण सोडलं तरी दोर गुंडाळतच होता, गाडी ओढ्याबाहेर येऊन झाडाकडे निघाली. मी ब्रेकवर उभा, आणि १० नंबरचा पाना डिकीत, सगळ्या बॅगांच्या खाली! मित्राने टर्मिनल सैल करून ओढलं तेव्हा बंपर आणि झाडात हातभर अंतर होतं. त्याच्या मनगटावर ठिणगीचा डाग अजून आहे.

म्हणून आयसोलेटर स्विच, म्हणजे विंचची वीज हाताने तोडायचा खटका, हवाच. बॅटरीजवळ, धन केबलवर, हात सहज पोचेल असा. विंच वापरायचा नसेल तेव्हा तो बंदच ठेवा. त्याचं दुसरंही कारण आहे: धडकेत सगळ्यात आधी पुढचा बंपर चेपतो आणि तुमची जाड केबल नेमकी तिथेच संपते. स्विच बंद असेल तर तिच्यात वीज नसते. फ्यूजवर मतभेद आहेत, बऱ्याच विंचसोबत तो येतही नाही. मी ५०० अँपिअरचा मोठा बोल्टवाला फ्यूज लावलाय. तो विंचला अडवत नाही, पण थेट शॉर्ट झाला तर जळतो.

थिंबल पक्कडीने दाबू देऊ नका, हायड्रॉलिक क्रिम्परनेच. वर गोंदवाली हीटश्रिंक स्लीव्ह. आपल्याकडे खाडीची हवा आहे, ठाण्यापासून बेलापूरपर्यंत उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं. बोल्टखालचा रंग घासून काढा, कसून झालं की वरून ग्रीस.

बाकीच्या सामानाला डायरेक्ट बॅटरी नको, नाहीतर टर्मिनलवर झिपऱ्या लोंबतात. १६ ची एकच मेन वायर, बॅटरीपाशी ८० चा फ्यूज, पुढे फ्यूजबॉक्स. लाइटबार १० अँपिअर घेतो, त्याला अडीचची वायर, १५ चा फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच). कॉम्प्रेसर ३० चा असेल तर ६ ची वायर आणि ४० चा फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवतो, वस्तूला नाही. त्यामुळे 'सारखा उडतोय' म्हणून मोठा टाकायचा नाही. लाइटबारला कव्हर घाला, घोडबंदर रोडवर समोरच्याच्या डोळ्यात मारू नका. आणि विंचसाठी मोठा बंपर किंवा गार्ड लावणार असाल तर केंद्राचं डिसेंबर २०१७ चं परिपत्रक ध्यानात असू द्या. परवानगीशिवायचे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात धरले जातात.

एक स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडणारी कप्पी, मात्र नक्की घ्या. दोर त्यातून फिरवून गाडीलाच परत अडकवला की विंचवरचा ताण जवळजवळ निम्मा, करंटही तसाच उतरतो. दोर दुप्पट वेळ गुंडाळावा लागतो एवढंच.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी चाचणी करा. येऊरला जाऊ नका, ते राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. एखादं मोकळं खाजगी आवार बघा. मित्राची गाडी हँडब्रेक लावून, चाकामागे दगड ठेवून उभी करा आणि तिला हळू खेचा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी विंचच्या ऋण बोल्टवर. ताण असताना अर्ध्या व्होल्टच्या आत दिसलं तर अर्थ बरोबर. एकच्या पुढे गेलं तर थिंबल हाताने चाचपून बघा, जी गरम लागेल ती कापून नवी लावायला सांगा. आकडा काय आला ते इथे लिहा.