‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ पाहून काही जण भारावतात, तर काही चिडतात, असं का?

मुख्य कारण शेवट (तो पुढे उघड केलाय). अर्ध्याहून जास्त चित्रपट आपण जीव मुठीत धरून, सापडलेले पैसे घेऊन पळणाऱ्या मॉसच्या मागे पळतो आणि त्याचं मरण पडद्यावर दिसतच नाही, थेट प्रेत दिसतं. मग शेरीफ आपली दोन स्वप्नं सांगतो आणि संपलं. हिशेब चुकता व्हावा असं वाटणाऱ्याला ही फसवणूक वाटणारच. चित्रपट ज्यावर बेतलाय ती कॉरमॅक मॅकार्थीची २००५ची कादंबरी वाचलेल्यांना तितका धक्का बसत नाही. तिथेही मॉस असाच जातो.

पार्श्वसंगीत जवळपास नाही, म्हणून हिंसा काहींना असह्य होते. मला तोच प्रामाणिकपणा वाटतो. खुनी माणूस पंपवाल्याच्या जिवावर नाणं उडवतो, तो पेट्रोल पंपावरचा नाणेफेकीचा प्रसंग पुन्हा पाहा. रक्ताचा थेंब नाही, तरी घशाला कोरड पडते.