मनिलाहून एका दिवसात पाम्पांगा: जेवण आणि वारसा एकत्र कसा पाहावा?

आपण विचारले आहे की, कामानिमित्त तीन आठवडे मनिलात मुक्काम आहे, आतापर्यंतचे सगळे जेवण मॉलमध्येच झाले आहे, एकच शनिवार मोकळा आहे, आणि त्या एका दिवसात फिलिपिन्सच्या एखाद्या प्रांताचे खरे जेवण व जुना वारसा दोन्ही पाहायचे असतील तर कुठे जावे. मी मनिलात सहा वर्षे राहिलो. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी पाम्पांगा प्रांतातच नेत असे आणि आपल्यालाही तेच सुचवतो. उत्तरेकडच्या द्रुतगती मार्गाने सान फर्नांदो हे या प्रांताचे मुख्य शहर साधारण 65 ते 70 किलोमीटरवर आहे आणि आन्हेलेस शहर त्याच्या थोडे पुढे. सकाळी सहाला निघालात तर न्याहारीच्या वेळेला पोहोचता. मनिला महानगरातल्या कुबाओहून बस मिळते, परंतु पुढची ठिकाणे जीपनी (लहान प्रवासी गाडी) आणि ट्रायसिकल (साइडकार जोडलेली मोटरसायकल) बदलत गाठावी लागतात, म्हणून दिवसभरासाठी गाडी ठरवणे बरे.

पहिल्या वेळी मी सात ठिकाणांची यादी करून गेलो होतो आणि त्यातले एकही धड पाहून झाले नाही. तेव्हापासून मी मोजकीच ठिकाणे घेतो आणि त्यांचा क्रम बदलत नाही. आधी बाकोलोरचे चर्च, मग बेतिसचे, आणि त्यानंतर जेवण. या क्रमाला कारण आहे. कापाम्पांगान, म्हणजे पाम्पांगाच्या लोकांचे जेवण म्हणजे हाती उरलेल्या, इतरांनी टाकलेल्या किंवा टिकणार नाही अशा वस्तूचे चीज करण्याची कला आहे, आणि ही वृत्ती ताटात ओळखण्याआधी बाकोलोरच्या भिंतींत पाहिली की ताटातलीही चटकन कळते.

15 जून 1991 रोजी पिनातुबो ज्वालामुखीचा महास्फोट झाला. डोंगरउतारांवर साचलेली राख पुढची कित्येक वर्षे प्रत्येक पावसाळ्यात पाण्याबरोबर चिखलाचे लोंढे होऊन खाली येत राहिली. या लोंढ्यांना लाहार म्हणतात, आणि ओले सिमेंट वाहत यावे तसे ते येतात. 1 ऑक्टोबर 1995 रोजी अशाच लोंढ्याखाली बाकोलोर गाव गाडले गेले, शेकडो माणसे गेली आणि सान गियेर्मो चर्च जवळजवळ निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे सहा मीटर, बुजले. आज आपण ज्या दारांतून आत जाता त्या मूळच्या खिडक्या आहेत. आत गेल्यावर छत अंगावर आल्यासारखे वाटते, कारण आपण जुन्या फरशीच्या कितीतरी वर उभे असतो. मी प्रत्येक वेळी बाहेरच्या भिंतीला हात टेकून उभा राहतो आणि जुने प्रवेशद्वार पायांखाली किती खोल असेल याचा अंदाज घेतो. गावकऱ्यांनी हे चर्च सोडले नाही. वेदीमागचा कोरीव लाकडी रेताब्लो, म्हणजे संतांच्या मूर्ती बसवण्याची उंच चौकट, त्यांनी चिखलातून खणून काढला आणि नव्या जमिनीवर तो मावेल अशी उंची फक्त घुमटाखाली उरली होती, म्हणून तेथे नेऊन उभा केला. 1762 मध्ये इंग्रजांनी मनिला घेतल्यावर स्पॅनिश सरकारने आपली राजधानी याच बाकोलोरला हलवली होती, हेही आत फिरताना लक्षात असू द्यावे.

तेथून ग्वाग्वा या गावातले बेतिसचे चर्च जवळच आहे. छताकडे पाहताना जे कोरीवकाम वाटते त्यातले बरेचसे रंगाने साधलेला आभास आहे. मूळ चित्रकाम एकोणिसाव्या शतकातील सिमोन फ्लोरेस यांचे असून विसाव्या शतकात स्थानिक चित्रकाराने ते पुन्हा रंगवले, आणि 2001 साली या चर्चला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. बेतिस हे लाकूडकाम करणाऱ्यांचे गाव आहे. शनिवारी लग्ने असतात, तेव्हा गुडघे व खांदे झाकणारे कपडे घालावेत आणि विधी सुरू असेल तर मागच्या बाकावर थांबावे.

आता जेवण. दुपारी सान फर्नांदोला परत या. येथे 1946 पासून चालणारे एव्हरीबडीज कॅफे आहे. तेथे शिजवलेले पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, त्यामुळे नाव माहीत नसले तरी बोट दाखवून मागता येते. कामारू म्हणजे भातशेतातले किडे, आपल्याकडच्या रातकिड्यांच्या जातीचे, व्हिनेगर आणि लसणात शिजवून परतलेले. बेतुते म्हणजे खिमा भरून तळलेला बेडूक. हे पदार्थ धाडस म्हणून खाऊ नयेत अशी माझी विनंती आहे, कारण भातशेतात सापडणारा जीव पकडून त्याचेच कालवण करणे हा शेतकऱ्याचा रोजचा शहाणपणा आहे. मात्र एकच पदार्थ निवडायचा झाला तर बुरो घ्या. शिजलेल्या भातात मीठ आणि कोळंबी किंवा मासा कालवून तो काही दिवस आंबवतात, मग लसणावर परततात आणि भाजलेले वांगे, मोहरीची पाने व तळलेला मासा यांच्यासोबत खातात. पहिल्या घासाला वास आडवा येतो. दुसऱ्या घासाला आंबटपणा जिभेवर बसतो आणि तिसऱ्या घासापासून साधा भात फिका वाटू लागतो.

आंबट चवीचे येथे फार मोठे स्थान आहे आणि सिसिग या येथल्या प्रसिद्ध पदार्थाची खरी गोष्टही तीच आहे. मनिलात आपण तव्यावर चरचरत येणारे, वर अंडे फोडलेले सिसिग खाल्ले असेल. दिएगो बेर्गान्यो या पाद्र्याने 1732 साली छापलेल्या कापाम्पांगान शब्दकोशात सिसिग म्हणजे मीठ, मिरी, लसूण आणि व्हिनेगर घातलेली कच्च्या पपईची किंवा पेरूची कोशिंबीर. गरोदर बाईला लागणाऱ्या आंबट डोहाळ्यांशीही या शब्दाचे नाते सांगतात. पुढे त्यात डुकराचे कान आणि गाल आले. आन्हेलेसजवळच्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावर डुकराची मुंडकी कोणी खात नसे, म्हणून ती स्वस्तात मिळत, असे तेथे सगळेच सांगतात. 1974 साली रेल्वेमार्गाजवळ टपरी चालवणाऱ्या लुसिया कुनानन यांनी, म्हणजे सर्वांच्या आलिंग लुसिंग यांनी, उकडलेले कान निखाऱ्यावर भाजून, बारीक चिरून, त्यात कांदा, कोंबडीची कलेजी, व्हिनेगर आणि कालामान्सी लिंबाचा रस घातला, आणि आजचे सिसिग जन्माला आले. 2017 मध्ये आन्हेलेस शहराने ठराव करून सिसिग बाबी, म्हणजे डुकराच्या मांसाचे सिसिग, हा आपला अमूर्त वारसा म्हणून जाहीर केला. दुपारी तीन-चारच्या सुमारास त्यांच्या नावाच्या त्या जागी बसा. येथल्या सिसिगमध्ये अंडे नसते, मेयॉनीज नसते. कुरकुरीत कडा, मऊ चरबी आणि कूर्चेची करकर एकाच घासात येते, आणि लिंबू आपण स्वतः पिळायचे असते. आवडले तर वाढणाऱ्या बाईंना ‘मन्यामान’ म्हणा. कापाम्पांगान भाषेत त्याचा अर्थ चविष्ट असा होतो, आणि आपली भाषा बोलणारा परका पाहिला की त्यांचा चेहरा खुलतो.

आपण शाकाहारी आहात का हे प्रश्नात लिहिलेले नाही. असाल तर स्पष्ट सांगतो की मुख्य जेवणात आपल्यासाठी फार थोडे आहे. पाको या नेच्याच्या कोवळ्या पानांची कोशिंबीर मिळते, पण त्यात खारवलेले अंडे असते, ते वगळायला आधी सांगावे लागते. गोड मात्र पोटभर आहे. तिबोक-तिबोक हा म्हशीच्या दुधाचा, खरवसाच्या जवळ जाणारा पदार्थ. शिजताना पृष्ठभागावर बुडबुडे धडधडतात, म्हणून त्याचे नाव हृदयाच्या ठोक्यावरून पडले आहे. वर नारळाचे दूध आटवून उरलेला तपकिरी साका पसरतात. सांता रिता गावचे तुर्रोनेस दे कासुय म्हणजे मध आणि काजूची वडी पातळ पांढऱ्या वेफरात गुंडाळलेली. तो कासुय आणि आपला काजू हे एकाच ब्राझिली नावाचे वंशज आहेत. आपल्याकडे ते पोर्तुगीजांमार्फत गोव्यातून आले. सान निकोलास बिस्किटे शोधून घ्या. ती आरारूट, नारळाचे दूध आणि अंड्याचा पिवळा बलक यांची, कोरीव लाकडी साच्यात पाडलेली असतात. ते साचे पाहून मला गुढीपाडव्याच्या गाठींचे साचे आठवले. चर्चच्या चुन्यात अंड्याचा पांढरा भाग घालत आणि उरलेल्या बलकाची मिठाई होई, असे तेथे सांगतात.

वेळ उरला तर आन्हेलेसमधला पामिंतुआन वाडा बाहेरून तरी पाहा. 12 जून 1899 रोजी फिलिपिन्सच्या स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन तेथे साजरा झाला होता. डिसेंबरात येत असाल तर नाताळच्या आधी एखाद्या शनिवारी सान फर्नांदोत महाकाय कंदिलांची स्पर्धा असते, त्या दिवशी मात्र रस्ते तुंबतात. एरवी संध्याकाळी पाचच्या आत परत निघा, आणि बुरोची बरणी घरी नेणार असाल तर ती दोन पिशव्यांत घट्ट बांधून घ्या.