रील नाही टाकली तर मी संपलो का, मॅडम?

"खेळ बरा चाललाय, पण इन्स्टावर कुत्रं विचारत नाही. ब्रँड बनवायलाच लागतो का?" खेळाडू हल्ली हे दुखापतीइतक्याच काळजीने विचारतात. पालकही विचारतात, जरा आवाज खाली आणून. उत्तरादाखल एका कबड्डीपटूची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या कोपऱ्यातला बचावपटू. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा शाळेत होता. कबड्डीत कौतुक चढाईपटूचं. कोपऱ्यातल्याने घोटा धरला तर टाळ्या, निसटला तर सगळ्यांत आधी त्याचाच उद्धार. एका चुरशीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला याने घाईने अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड टाकली, पाय सुटला आणि सामना गेला. मग रात्रभर कमेंट वाचत बसला. पुढे ती सवयच लागली, झोप उडाली. त्यात त्याचं सगळं बघणारा चुलतभाऊ मागे लागलेला: रोज एक रील पाहिजे, नाहीतर खेळाडूंच्या लिलावात तुला ओळखणार कोण?

मी म्हटलं, "तुझं अकाउंट तूच दाखव, एकेका पोस्टबद्दल बोलत." दुसऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर गॉगल लावून बसलेला तो. जिममधलं स्लो मोशन, त्यावर हिंदी डायलॉग. प्रत्येक वेळी एकच वाक्य: "हे भावाने सांगितलं म्हणून." बरंच खाली एक जुनी, हललेली क्लिप होती. गावच्या मातीच्या मैदानावर एक पोरगं विचारतंय, "दादा, पकड कधी टाकायची?" हा सांगतोय, "त्याचा वजनाचा पाय कुठला ते बघ. तो हलायच्या आत." ती दाखवताना भावाचं नावही निघालं नाही. उलट तो पायाच्या कोनावर मलाच समजावत बसला.

मी विचारलं, "मॅच हरल्यावर दुसऱ्या दिवशी यातलं काय टाकशील?"

"गाडी नाही टाकता येणार, लोक फाडून खातील. मातीतलं चालेल."

माझा ब्रँडिंगवरचा सल्ला एवढाच आहे. (याचे महागडे कोर्स विकणारे रागावतील, रागावोत.) हरल्यावरही जे दाखवता येतं तेच तुमचं, बाकीचं जिंकेपर्यंत भाड्याने घेतलेलं. नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा लोकांच्या तोंडी काय होतं? कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत तिकीट तपासनीस. ती नोकरी पदकाच्या आधीपासूनची होती, कुठल्या एजन्सीने बसवलेली नव्हती.

पण "तू फक्त खेळाकडे बघ" असं मी सांगत नाही. एक लिगामेंट गेलं की खेळातली कमाई थांबते, घर त्याच्यावर चालतं. त्याची भीती खरी होती, ती रीलवर काढणं चुकीचं होतं. पैसे कुठून घ्यायचे यावर आम्ही बराच वेळ दिला, कारण समोर एका प्रोटीन पावडरची ऑफर होती. डबा हातात धरून फोटो टाकायचा, अधूनमधून 'मी हीच घेतो' म्हणायचं. डोपिंगच्या नियमांत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. डबा कंपनीने दिला म्हणून सुटका होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिच्यातल्या चेहऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे घेतलेल्या पोस्टवर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं लागतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात तर 2025 च्या कायद्याने गुन्हाच आहे. शिवाय तो क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीत, म्हणजे खात्याची लेखी परवानगी आधी. त्याने कंपनीकडे त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागितला. समोरून मेसेज यायचेच बंद झाले.

चुलतभावालाही एकदा बोलावलं. वाटलं होतं तसा खलनायक नव्हता तो. स्वतःची नोकरी शोधणं सोडून याच्या मागे राबत होता. याचं नाव झालं नाही तर आपलं काय, ही त्याचीही धास्ती. रोजची रील बंद करून त्याच्याकडे करार वाचणं, परवानगीचे अर्ज आणि कमेंट ही कामं दिली. मॅचच्या रात्री फोन रूममेटकडे. पोस्ट आठवड्याला एक, तीही खेळाबद्दल.

फॉलोअर्स फारसे वाढले नाहीत, झोप मात्र परत आली. पुढच्या हंगामात त्याची आणखी एक पकड निसटली आणि व्हायरल झाली. दुसऱ्या दिवशी त्याने तीच क्लिप थांबवत थांबवत पाय कुठे चुकला ते समजावलं. खाली शिव्या आल्याच. त्या चुलतभावाने वाचल्या आणि दोघाचौघांशी भांडूनही घेतलं.