मार्व्हल रायव्हल्स: पन्नास तासांनंतर माझं मत, आणि स्पायडर-मॅनवर अडकलेल्यांसाठी थोडं

तुझे तिन्ही प्रश्न वाचले. कॉमिक्स वाचून वाढलास, शूटर गेमची सवय नाही, पंधरा तास फक्त स्पायडर-मॅन घेऊन खेळलास, बहुतेक मॅच हरतोस आणि सोबतचे खेळाडू "पात्र बदल" म्हणून मागे लागतात. तुला विचारायचंय की हा गेम म्हणजे ओव्हरवॉच या जुन्या टीम-शूटर गेमचीच नक्कल आहे का, आपला नेम कच्चा असेल तर सोडून द्यावा का, आणि यात पैसे घालावेत का. मी टीम फोर्ट्रेस २ पासून या प्रकारचे गेम खेळतोय, त्यातही जास्त करून हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारा. रायव्हल्स ६ डिसेंबर २०२४ ला आला, तेव्हापासून माझे पन्नासेक तास झालेत. पहिल्या तीन दिवसांतच एक कोटी लोकांनी तो उघडला, त्यामुळे तुझ्यासारखे गोंधळलेले नवे खेळाडू पुष्कळ आहेत. तू एकटा नाहीस.

आधी नकलेचं बघू. सहा विरुद्ध सहा, गाडी ढकलत न्यायची, जागा काबीज करून धरून ठेवायची, प्रत्येकाची एक अल्टिमेट (खेळता खेळता भरत जाणारी खास मोठी ताकद), हा सगळा साचा २०१६ च्या ओव्हरवॉचचा आहे आणि त्यातलं गाडी ढकलणं, जागा काबीज करणं त्याच्याही आधीच्या टीम फोर्ट्रेस २ चं. गेम बनवणाऱ्या नेटईझने तो लपवायचा प्रयत्नही केलेला नाही. पण हातात घेतल्यावर गेम वेगळा लागतो आणि त्याचं मुख्य कारण कॅमेरा. ओव्हरवॉच पात्राच्या डोळ्यांतून दिसतो, इथे कॅमेरा पात्राच्या पाठीमागे आहे. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. मला मात्र पहिले दहा तास जुन्या सवयी मोडण्यातच गेले.

ल्यूना स्नो ही हीलर घेऊन मी खांबाच्या आड उभा राहायचो आणि समोरचं बघायला दर दोन सेकंदांनी अंग बाहेर काढायचो. जुन्या गेममध्ये दुसरा इलाजच नसतो. इथे तसं बाहेर आलो की समोरच्या टीममधल्या हेलाचे दोन नेमके फटके डोक्यात बसायचे आणि मॅच पुन्हा सुरुवातीच्या खोलीतून. चार-पाच मॅचनंतर लक्षात आलं की अंग बाहेर काढायची गरजच नाही. कॅमेरा नुसता वळवला की कोपऱ्यापलीकडचं दिसतं आणि मी आडच राहतो. समोरचाही तेच करत असतो, हे कळायला आणखी चार-पाच मॅच लागल्या. म्हणजे कोपऱ्यावर जो आधीपासून थांबलाय तो आत येणाऱ्याला बघतोय आणि येणाऱ्याला तो दिसत नाहीये. या गेममध्ये धावत जाऊन कोपरा ओलांडणं ही सगळ्यात महागडी चूक आहे, आणि तू स्पायडर-मॅन घेऊन ती दर मिनिटाला करत असणार असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट, आड म्हणून धरलेली वस्तू टिकेलच असं नाही. भिंती, खांब, पूल, बऱ्याच गोष्टी फुटतात. पीसीवर बी दाबलंस की क्रोनो व्हिजन चालू होतं आणि काय फुटू शकतं ते वेगळ्या रंगात दिसतं. मॅच सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट मिळतो त्यात एकदा दाबून बघत जा. ज्या भिंतीमागे तू जीव वाचवायला पळणार आहेस ती भिंत टिकणारी आहे की नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येतो. सुरुवातीच्या ३३ पात्रांपैकी १८ ड्युएलिस्ट आहेत, ८ व्हॅनगार्ड आणि ७ स्ट्रॅटेजिस्ट. आपल्या भाषेत मारणारे, टँक (पुढे राहून मार झेलणारे) आणि हीलर. निम्म्याहून जास्त पात्रं मारणाऱ्यांत आणि लोकांची लाडकी नावंही बहुतेक तिथेच: स्पायडर-मॅन, आयर्न मॅन, वुल्व्हरिन, ब्लॅक पँथर. वर कोणी काय घ्यायचं यावर बंधन नाही. ओव्हरवॉच २ च्या नेहमीच्या मॅचमध्ये रांगेत लागतानाच भूमिका निवडावी लागते, इथे सहाच्या सहा जण ड्युएलिस्ट घेऊ शकतात आणि घेतातही. बंधन नसावं हे मला पटतं, कारण त्यामुळे मॅचच्या मध्यात टँकचा हीलर होता येतं आणि डाव फिरवता येतो. पण मग टीम जुळवायची जबाबदारी खेळाडूंवर येते. तुझ्यावर जे वैतागतात त्यांच्यातले निम्मे स्वतः चौथे ड्युएलिस्ट असतात, तेव्हा त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. पण बदल मात्र कर.

कारण स्पायडर-मॅन हे गेममधलं सगळ्यात अवघड पात्र आहे. गेमनेच त्याच्यावर पाच तारे लावलेत. आधी जाळ्याचा गोळा मारून शत्रूवर खूण करायची, मग त्या खुणेवर स्वतःला खेचून न्यायचं, मग खालून वर ठोसा, आणि समोरच्याने सावरायच्या आत जाळ्यावरून उडून परत यायचं. खूण न करता खेचलंस तर तू त्याच्याकडे जाण्याऐवजी तो तुझ्याकडे येतो. हे सगळं दोन सेकंदांत, अडीचशे आरोग्याच्या पात्राने, सहा जणांच्या मागे शिरून. कॉमिक्समधला पीटर आवडतो म्हणून पहिल्या दिवशी त्याला घेणं साहजिक आहे, मीही तेच केलं होतं. पण शूटरची सवय नसलेल्या माणसाने इथून सुरुवात केली की आपला नेम वाईट आहे असा गैरसमज होतो. नेमाचा प्रश्न फार पुढचा आहे. आत्ता तुला कधी जायचं आणि कुठे उभं राहायचं हे कळत नाहीये, आणि ते स्पायडर-मॅन शिकवत नाही. तो ते येतंच असं धरून चालतो.

माझ्या एका मित्राचं सांगतो. त्याने आयुष्यात शूटर खेळलेला नव्हता. त्याला मी रॉकेट रकून हा हीलर दिला. रॉकेटचे उपचाराचे गोळे हळू जातात आणि भिंतीवर आपटून परत येतात, त्यामुळे अंदाजे सोडले तरी कुणा ना कुणाला लागतात. पळायला दोन झेपा आहेत, भिंतीवर चढता येतं. आणि एक यंत्र ठेवता येतं जे मेलेल्या साथीदाराला तिथेच उठवतं. मी मित्राला एवढंच सांगितलं होतं की यंत्र लढाईच्या जागी नको, कोपऱ्यामागे ठेव, आणि तू आमच्या टँकच्या, ग्रूटच्या मागे राहा.

यग्सगार्डच्या (गेममधलं अ‍ॅस्गार्ड) राजवाड्याचा मॅप, तिसरी फेरी, जागेचा ताबा दोन्ही टीमचा ९९ टक्के. मी ल्यूना. आमचा ग्रूट पॉइंटवर उभा होता आणि सगळे त्याच्यावर तुटून पडलेले. माझी अल्टिमेट संपली होती. ग्रूट पडला. समोरचे पुढे सरकले, त्यांना वाटलं संपलं. त्याच क्षणी बाजूच्या भिंतीमागून ग्रूट परत उठला, कारण मित्राने यंत्र त्याच भिंतीमागे ठेवलं होतं आणि ते कुणीच शोधलं नव्हतं. उठल्या उठल्या ग्रूटने आडवी भिंत घातली, अशी की समोरचा थॉर अलीकडे अडकला आणि त्यांचे दोन्ही हीलर पलीकडे राहिले. थॉर तीन सेकंदांत पडला. आम्ही जिंकलो. शेवटच्या तक्त्यात मित्राच्या नावावर किती जण मेले असतील? दोन. त्याने तक्ता बघितला आणि विचारलं, "म्हणजे मी वाईट खेळलो ना?"

तो तक्ता बघू नकोस, निदान सुरुवातीचा महिनाभर. मारणाऱ्याचा आकडा मोठा दिसतो कारण कुणीतरी त्याला जिवंत ठेवलेलं असतं आणि कुणीतरी त्याच्यासाठी जागा अडवून धरलेली असते. या गेममध्ये मॅच बहुतेक वेळा यावर ठरते की कोणत्या टीमचे लोक एकमेकांच्या नजरेत राहिले.

आणि कॉमिक्स वाचणाऱ्याला तर इथे मोठी मेजवानी आहे, म्हणूनच तू सोडावास असं मला अजिबात वाटत नाही. ठरावीक पात्रं एका टीममध्ये आली की त्यांना जोडीची ताकद मिळते, तिला टीम-अप म्हणतात. या जोड्या बदलत राहतात, पण गेम आला तेव्हाच्या काही सांगतो. रॉकेट ग्रूटच्या खांद्यावर बसायचा. हेलाने शत्रू मारला की आपल्या टीममधला मेलेला थॉर किंवा लोकी लगेच उठायचा, मृत्यूची देवी असण्याचा याहून नेमका उपयोग मी कुठल्या गेममध्ये पाहिलेला नाही. स्कार्लेट विच मॅग्नेटोच्या तलवारीला आपली जादू द्यायची, आणि या दोघांच्या नात्याचा कॉमिक्समध्ये किती वर्षं घोळ चाललाय हे तुला मी सांगायला नको. हल्क वुल्व्हरिनला उचलायचा आणि शत्रूवर फेकायचा. मूळ कॉमिक्समध्ये हे काम कोलोससचं, तो तेव्हा इथे नव्हता म्हणून हल्कला दिलं होतं. हे पहिल्यांदा समोर घडलं तेव्हा मी मॅच विसरून बघत राहिलो होतो.

ही नुसती शोभा नाही. कोणी काय घेतलंय ते बघून आपलं पात्र निवडायची सवय लागते, आणि टीममध्ये खेळणं म्हणजे मुळात तेच.

कथेबद्दल थोडक्यात: दोन काळांतले दोन डॉक्टर डूम भिडले आणि काळाचे धागे गुंतले, म्हणून टोकियो २०९९, यग्सगार्ड आणि अंतराळातलं वाकांडा एकाच गेममध्ये आहेत. मॅच सुरू होताना जिचा आवाज ऐकू येतो ती गलॅक्टा, म्हणजे गॅलॅक्टसची मुलगी. ल्यूना स्नो तुला ओळखीची वाटली नसेल तर नवल नाही, ती २०१८ मध्ये एका मार्व्हलच्या मोबाइल गेमसाठी तयार केलेलं पात्र आहे, कॉमिक्समध्ये नंतर आली.

आवाजावरून आठवलं. हेडफोन लावून खेळ. अल्टिमेटला हाक असते आणि ती बऱ्याचदा आपल्या टीमची आणि समोरच्या टीमची वेगवेगळी असते. "मॅक्झिमम पल्स" ऐकलंस की समोरचा आयर्न मॅन तोफ सोडतोय, बघत बसू नकोस, आडोशाला हो. त्या एका फटक्यापुढे ल्यूनाची उपचाराची अल्टिमेटही पुरत नाही. मी ते नाचता नाचता मरून शिकलोय. जेफ शार्कची हाक आली की जमिनीकडे बघ, पाण्याच्या वर्तुळातून बाहेर पड, नाहीतर तो पूर्ण टीम गिळून कड्यावरून खाली थुंकतो.

तुझा पीसी कसा आहे ते लिहिलेलं नाहीस. गेम अनरिअल इंजिन ५ वर आहे आणि किमान १६ जीबी रॅम मागतो, त्यामुळे ग्राफिक्स सगळ्यात खाली आणून ठेव. दिसायला थोडं कमी, पण फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) स्थिर मिळतील. इथे ते जास्त महत्त्वाचं, कारण सुरुवातीच्या काळात फ्रेम कमी असतील तर काही पात्रांच्या हालचालीवर आणि माऱ्यावर परिणाम व्हायचा, हे गेम बनवणाऱ्यांनीच मान्य केलं होतं. डॉक्टर स्ट्रेंज, वुल्व्हरिन, व्हेनम, मॅजिक आणि स्टार-लॉर्ड ही त्यातली नावं. कमी ताकदीच्या पीसीवर हा दोष अजून जाणवतो का ते बघून मगच यांना घे.

मग काय घ्यायचं? मी तुझ्या जागी असतो तर दहा तास रॉकेट किंवा क्लोक अँड डॅगर खेळलो असतो. डॅगरचे खंजीर साथीदाराकडे आपोआप वळतात, त्यामुळे नेमाची काळजी मिटते आणि डोळे मॅप बघायला मोकळे राहतात. हीलर पाठीमागे असतो, त्याला पूर्ण लढाई दिसते. कोण कुठून शिरतो, कोण एकटा पुढे जाऊन मरतो, समोरचा स्पायडर-मॅन कधी येतो. हो, तो तुझ्यावरच येणार आहे. त्याच्याकडे नीट बघ. चांगला खेळणारा तुझी टीम दुसरीकडे गुंतली की मगच येतो, एक जण मारतो आणि लगेच निघून जातो. वाईट खेळणारा सगळ्यांच्या आधी येतो आणि मरतो. हा फरक दहा तास मार खाऊन जितका कळेल तितका स्पायडर-मॅन घेऊन पन्नास तासांत कळणार नाही. नंतर दहा तास मॅग्नेटो हा टँक, मग परत पीटरकडे जा. रँक (क्रमवारी ठरवणाऱ्या मॅच) गेम आला तेव्हा दहाव्या लेव्हलला उघडायची, पण उघडली म्हणून लगेच शिरू नकोस, साध्या मॅचमध्येच हे सगळं कर.

राहिला पैशांचा प्रश्न. खेळण्यासाठी काहीही लागत नाही, सगळी पात्रं पहिल्या दिवसापासून मोकळी आहेत. ओव्हरवॉच २ सुरू झाला तेव्हा नवीन पात्रं बॅटल पासमध्ये (खेळत जाऊन बक्षिसं उघडायचा, सीझनपुरता पास) अडकवली होती आणि मला ते फार खटकलं होतं, म्हणून इथली पद्धत मनापासून आवडली. विकत मिळतात ते पोशाख, त्याने ताकद वाढत नाही. इथला बॅटल पास एकदा घेतला की सीझन संपला तरी बाद होत नाही, सावकाश पुरा करता येतो. तेव्हा घाई नाही. आधी कोणाला घेऊन खेळायला आवडतं ते ठरू दे, पोशाख त्याचाच घे.