वाचकांचे प्रश्न : नोव्हेंबर लागला की मन का उतरतं?

प्रश्न : ऐरोलीला अमेरिकन शिफ्ट करते. पहाटे साडेतीनला कॅब घोडबंदर रोडला सोडते, झोप चार ते अकरा. सलग दोन वर्षं नोव्हेंबर लागला की मन उतरतं, कितीही झोपलं तरी पुरत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं. ऑनलाइन '१०,००० लक्स'चा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा पाहिला. घेऊ का?

उत्तर : आधी बाल्कनी वापरून पाहा. ही लक्षणं दिवसाचा उजेड कमी पडल्यानं येणाऱ्या हिवाळी नैराश्यासारखी आहेत. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचं वर्णन केलं. ऑस्लोत डिसेंबरातला दिवस जेमतेम सहा तासांचा, ठाण्यात अकरा तासांचा. पण तुम्ही अकराला उठता आणि सूर्य सहाला मावळतो. उरलेले सात तासही पडदे ओढलेल्या घरात आणि ऑफिसात जातात.

डोळ्याच्या पडद्यातल्या (रेटिना) मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य असलेल्या पेशी उजेडाची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देतात. त्यांना निळसर उजेड भरपूर लागतो. ट्यूबलाइटखाली डोळ्यापाशी शंभर-दोनशे लक्स मिळतात, मोकळ्या आकाशाखाली सावलीतही हजारो.

उठल्यावर तासाभरात अर्धा तास आकाशाकडे तोंड करून बसा. गॉगल नको, सूर्याकडे थेट बघणंही नको. चहा, पेपर चालेल. फोनमध्ये लक्स मीटर ॲप घ्या आणि फोन डोळ्यांच्या उंचीवर, स्क्रीन उजेडाकडे करून धरा; सेन्सर स्क्रीनच्या बाजूला असतो. समोरच्या टॉवरमुळे आकडा हजाराच्या आत आला, तर गच्ची गाठा.

दिवा घ्यायचाच तर खोक्यावरचे १०,००० लक्स किती सेंटिमीटरवरचे, ते वाचा. लहान दिव्यांत ते अगदी जवळून मोजलेले असू शकतात. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण पाव उरतो, आणि मग लोक म्हणतात दिव्याचा उपयोग नाही! तीस सेंटिमीटरवर तो आकडा देणारा, मोठ्या पॅनेलचा, अतिनील किरण गाळणारा दिवा हवा. वेळ उठल्यानंतरचीच, झोपायच्या आधी लावला तर झोप आणखी पुढे सरकते. फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात.

बायपोलर आजार किंवा रेटिनाचा विकार असेल, उजेडाचा त्रास वाढवणारं डॉक्सीसायक्लिनसारखं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. आणि जगणंच नकोसं वाटू लागलं, तर उजेडाचे प्रयोग करत थांबू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा.

प्रश्न : बंद खिडकीतलं ऊन चालेल का?

उत्तर : साध्या काचेला अगदी लागून बसलात तर मनासाठी चालेल. ड जीवनसत्त्वासाठी नाही. त्याला लागणारे अतिनील-बी किरण काच अडवते.