आईवडिलांना घेऊन मल बेटावर जातोय, बसमधून दिसेल तेवढंच दाखवावं का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये स्कॉटलंडला ओबानला दोन मुक्काम आहेत, त्यातला एक दिवस मल बेटासाठी ठेवलाय, सोबत ६८ आणि ७२ वर्षांचे आईबाबा आहेत. ट्रेकिंग त्यांना झेपणार नाही, तर टोबरमोरीची रंगीत घरं बसमधून दाखवून परत यावं का? हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. थोड्याफार फरकाने हेच वाक्य मी माझ्या भावाकडून वर्षानुवर्षं ऐकतेय.

नका दाखवू बसमधून. टोबरमोरी सुंदर आहे, पण दिवस एकच असेल तर तो तिथे घालवू नका. क्रेगन्युअरला फेरीतून उतरलात की उलट दिशेला फिओनफोर्टला जा (तिथले लोक 'फिनाफोर्ट' म्हणतात) आणि तिथून स्टाफा या छोट्या बेटाची बोट घ्या.

२०१८ च्या जूनमध्ये आई माझ्याकडे ग्लासगोला आली होती. वय ६७, दोन्ही गुडघे दुखरे, जिना उतरताना कठडा हवाच. दादाने पुण्याहून बजावलं होतं, "तिला कुठे चढवूबिढवू नकोस. गाडीत बसव, खिडकीतून दाखव." खोटं कशाला बोलू, माझाही बेत तसाच होता. स्टाफाची गुहा बोटीतून बघायची आणि बाकीचे उतरले की आम्ही दोघींनी बोटीतच बसायचं.

आई हर्णैची. लहानपणी मुंबईहून आगबोटीने घरी येताना भर समुद्रात पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरलेली. हे मला माहीत होतं, दादालाही माहीत होतं. पण गुडघ्यांपुढे ते आम्हा दोघांनाही आठवलं नाही. त्या दिवशी बोट लागली ती मला. ती समोरच्या बाकावर ओढणी डोक्याला बांधून लाटा बघत बसली होती.

गुहेच्या तोंडाशी बोट थोडा वेळ थांबवतात. सत्तरेक मीटर आत गेलेली, दोन्ही बाजूंना काळ्या कातळाचे खांब, आत लाट फुटली की घुमतं. गेलिकमध्ये तिचं नावच 'सुरेल गुहा' अशा अर्थाचं आहे.

मग बोट धक्क्याला लागली. मी म्हटलं, आपण बसू. आई उठलीच होती. बोट हातभर वरखाली होत होती. खलाशाने दोन्ही हात पुढे केले, आईने त्यातला एकच धरला, दुसऱ्या हाताने ओढणी खोचली आणि बोट वर आली त्या क्षणी पाय टाकून पलीकडे उभी राहिली. मागे वळून मला म्हणाली, "लाट वर येईतो थांब. घाई करू नको."

वर जायच्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत, धरायला कठडा आहे. आईने दर आठ-दहा पायऱ्यांनी दम घेत, मागच्यांना वाट देत, वीस मिनिटं लावली. माथ्यावर गवत आणि गवतात पफिन या समुद्रपक्ष्यांची बिळं. खलाशाने सांगून ठेवलं होतं की कड्यापासून थोडं मागे गप्प बसा, पक्षी आपणहून येतील. माणसं आसपास असली की त्रास देणारे मोठे गल (सीगल) लांब राहतात, म्हणून पफिन माणसांना बिचकत नाहीत. आम्ही बसलो. थोड्याच वेळात एक समुद्रावरून आला, नारिंगी पाय फाकवून, आणि आईच्या बुटांपासून दोन हातांवर उतरला. चोचीत चंदेरी मासे आडवे धरलेले, शेपट्या बाजूला लोंबत होत्या. मान तिरकी करून त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तुरुतुरु बिळात शिरला. आई कुजबुजली, "आत पिल्लू असणार."

परतताना ती धक्क्याजवळच्या खांबांच्या तुटक्या माथ्यांवर बोट फिरवत कडा मोजत होती. "ह्याला पाच. ह्याला सहा." लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि अशा भेगा पडतात, आपला सह्याद्रीही बसाल्टचाच, अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच खांबांची आहे, असं मी समजावत होते. ती मोजत राहिली.

संध्याकाळी फोटो पाहून दादाचा फोन आला. "घसरली असती तर? जबाबदार कोण?" दिवाळीला सगळे जमले की हा विषय अजून निघतो. तो म्हणतो, तू नशिबाने वाचलीस. माझं म्हणणं असं की मी तिला चढवलंच नाही, ती चढली. तिला किती झेपेल हे एकाने पुण्यात आणि एकीने ग्लासगोत बसून ठरवलं होतं, तिला न विचारता. दादा चुकला होता आणि धक्क्यापर्यंत मीही चुकले होते. त्याने हे एकदा तरी मान्य करावं.

तेव्हा तुम्ही आईबाबांना त्या पायऱ्यांचे फोटो दाखवा आणि विचारा. ते नको म्हणाले तर आयोना बेटावर जा. फिओनफोर्टहून दहा मिनिटांची फेरी, पाहुण्यांच्या गाड्या नेता येत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर निवांत चालता येतं. संत कोलंबाने ५६३ मध्ये जिथे मठ स्थापला तिथे आज ॲबी (मठाचं चर्च) आहे आणि तिथवरची वाट सोपी आहे. स्वतःची गाडी असेल तर लॉक स्क्रिडन या खाडीच्या काठाने सावकाश जा. किनाऱ्यावरच्या शेवाळात पाणमांजर दिसू शकतं आणि ते मात्र गाडीतूनच बघावं, दार उघडलं की जातं. आकाशाकडेही लक्ष ठेवा. पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड ब्रिटनमधून नाहीसे झाले होते. १९७५ पासून नॉर्वेची पिल्लं आणून रम बेटावर सोडली आणि १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू वाढलं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. समुद्र खवळलेला असेल तर स्टाफावर उतरवत नाहीत, आणि कधी उतरणंच बंद असतं, म्हणून बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. गुहेकडची पायवाट खांबांच्या माथ्यांवरून जाते, ओली असली तर निसरडी. दुखऱ्या गुडघ्यांना मी तिकडे नेणार नाही आणि आईलाही नेलं नव्हतं. जूनमध्ये पफिन असतात, ऑगस्ट उजाडला की समुद्रावर निघून जातात. क्रेगन्युअर ते फिओनफोर्ट साठेक किलोमीटर आहे, पण रस्ता बहुतेक एकपदरी, सव्वा तास धरा. फेरीवर गाडी न्यायची तर जागा आधीच राखून ठेवा. स्टाफावर टपरी नाही, स्वच्छतागृहही नाही. फिओनफोर्टला धक्क्याजवळ आहे, बोटीत बसण्याआधी दोघांनाही जाऊन यायला सांगा.