एम१ की एम२, हा हिशोब आधी बाजूला ठेव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

उंदराच्या जखमेतील एकाच मॅक्रोफेजमध्ये (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीत) एम१ म्हणजे दाहक पेशीची खूण मानलेले आयनॉस आणि एम२ म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या पेशीची खूण मानलेले आर्जिनेज-१ ही दोन्ही विकरे (एन्झाइम) दिसली, म्हणून प्रयोग फसला असे तू ठरवूनही टाकलेस. फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी मोजण्याच्या तंत्रात) एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या जोड्या वगळल्या असतील, तर प्रयोग फसलेला नाही. एम१ आणि एम२ हे दोन रकानेच तोकडे पडले आहेत. पेशीला कोणता संकेत मिळाला, किती आणि कितव्या दिवशी, एवढे आधी लिही.

हे रकाने २००० साली मिल्स आणि सहकाऱ्यांनी मांडले. उंदरांच्या दोन वाणांतील मॅक्रोफेज आर्जिनिन या अमिनो आम्लाचे काय करतात, हे ते पाहत होते: एकीकडे आयनॉस त्याचे नायट्रिक ऑक्साइड करते, दुसरीकडे आर्जिनेज ऑर्निथिन. इंटरफेरॉन-गॅमा आणि लिपोपॉलिसॅकराइड (जिवाणूंच्या आवरणातला घटक) दिलेली पेशी टीएनएफ हे दाहक प्रथिन सोडून दाह भडकवते आणि आयएल-४ हे संकेत-प्रथिन दिलेली दुरुस्तीकडे वळते, हे डिशमध्ये खरेच आहे. जखमेत मात्र हे संकेत एकमेकांत मिसळलेले असतात, आणि रक्तातून दाह घेऊन आलेली पेशीच मेलेले न्यूट्रोफिल (एक प्रकारची पांढरी पेशी) गिळल्यावर दाह शमवणारी टीजीएफ-बीटा आणि आयएल-१० ही प्रथिने सोडू लागते. आग लावणारे आणि विझवणारे अनेकदा एकाच घरचे असतात. म्हणून पुन्हा सांगतो: संकेत, मात्रा, वेळ.

दाहक ती वाईट, हेही डोक्यातून काढ. उंदराच्या स्नायूला इजा होतानाच रक्तातील मोनोसाइट (ज्यांपासून हे दाहक मॅक्रोफेज बनतात) नाहीसे केले, तर स्नायू पुन्हा उभाच राहत नाही. माणसात टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी सुप्त क्षयरोग उसळतो, हे तर आपल्याकडच्या डॉक्टरांना विसरून चालत नाही. उलट, दुरुस्ती करणाऱ्या म्हणून गौरवलेल्या पेशी लांबल्या की व्रणतंतू माजतात.

एका परीक्षकाने मला दोन रकान्यांचा तक्ता घालायला बजावले होते. मी नकार दिला, निबंध रखडला आणि त्यात माझ्या एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हुकली. त्याची खंत आजही आहे, नकाराची नाही. पेशीच्या नावापुढे तिला दिलेला संकेत लिहावा, असे २०१४ साली या क्षेत्रातल्या जाणत्यांनीच एकत्र येऊन सुचवले. मला हट्टी म्हणणारे आता तसेच लिहितात.

तू मात्र अजून वेळ दवडते आहेस. आयएल-४ च्या कुपीत एंडोटॉक्सिन (म्हणजे तेच लिपोपॉलिसॅकराइड) नाही ना, हे तपासून घे, आणि तिसऱ्या व सातव्या दिवसाचे आकडे वेगवेगळे पाठव. दोन्हींची सरासरी काढून पाठवलीस, तर मी ते वाचणार नाही.